फॉर्मवर फुफीचं नाव नव्हतं

(युवा शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. शेवटची प्रश्नोत्तरं वगळली आहेत.)



संयोजकांनी मला विषय दिलाय, ‘गिरण्यांची गावं, वारसा आणि आपण’. मी सोलापूरची आहे, वास्तुविशारद आहे, आणि माझे आजोबा गिरणीत साच्यावर होते. त्यामुळे विषय मला अगदी घरचा आहे. पण त्यावर बोलण्याआधी हा कागद बघा. मागच्या रांगेत दिसणार नाही, म्हणून सांगते. हा एक सर्वेक्षणाचा फॉर्म आहे. एक घर, एक पान. मालकाचं नाव, बांधकामाचा प्रकार, मजले, अंदाजे वय, भिंतीची स्थिती, छताची स्थिती. खाली एक चौकोन, त्यात वर्गवारी लिहायची. सी-वन, सी-टू-ए, सी-टू-बी किंवा सी-थ्री.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या मोहल्ल्यात या अक्षरांची नोटीस आली असेल. सी-वन म्हणजे इमारत राहण्यायोग्य नाही, ताबडतोब रिकामी करून पाडा. सी-टू-ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करा. सी-टू-बी म्हणजे लोक राहू देत, पण ढाच्याची दुरुस्ती करा. सी-थ्री म्हणजे किरकोळ डागडुजी. पहिल्या आणि तिसऱ्या वर्गात एका अक्षराचा नि एका आकड्याचा फरक, पण एकात घर राहतं आणि एकात जातं.

कॉलेजातून बाहेर पडल्यावर माझी पहिली नोकरी एका सल्लागार कंपनीत होती. आमच्याच शहरातल्या एका जुन्या विणकर वस्तीच्या पुनर्विकासाचं काम तिच्याकडे होतं. आम्ही तिघं जण रस्त्यावरून चालत फॉर्म भरायचो. दिवसाचं टार्गेट ठरलेलं होतं, त्यामुळे घरात शिरायला वेळच नसायचा. भिंत फुगलेली दिसली, माळवदाची माती सुटलेली दिसली, की लिहा सी-वन. ही प्राथमिक यादी आहे, नंतर इंजिनिअर नीट तपासतील, असं आम्हाला सांगितलं होतं. मी ते खरं मानलं. खरं सांगायचं तर, खरं मानणं सोयीचं होतं.

त्या यादीत माझ्या फुफीचं घरही होतं. तिच्या दारात उभं राहून मी फॉर्म भरला. पश्चिमेची भिंत फुगलेली होती. तिनं चहा आणला, मी तो उभ्या उभ्या प्याले. मालकाच्या नावाच्या रकान्यात उताऱ्यावरचं नाव लिहिलं, म्हणजे आजोबांचं, आणि ‘वारस’ म्हणून अब्बा आणि दोन्ही चाचा. फुफीचं नाव लिहिलं नाही, कारण ते कागदावर नव्हतं. आजोबा गेल्यावर तिनं भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं होतं. विधवा होऊन माहेरी आलेली बाई, त्याच घरात वीस वर्षं राहणारी, आणि त्या घराच्या कागदात कुठेच नसलेली. शरियतमध्ये मुलीला हिस्सा आहे, हे आपल्या प्रत्येक घरात अभिमानानं सांगितलं जातं. तो हिस्सा सही करून सोडून द्यायची पद्धतही प्रत्येक घरात आहे. ‘भाई का घर खुला रहना चाहिए,’ म्हणून बहिणी सही करतात. माझ्या फुफीनंही केली.

मी फॉर्मवर लिहिलं, सी-वन.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. यादी पुढे गेली, आणि महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 264 खाली नोटिसा निघाल्या. संमतीपत्रावर सह्या करायच्या होत्या त्या वारसांना, म्हणजे अब्बांना आणि चाचांना. त्यांनी केल्या. घर पडलं. फुफी शहराच्या टोकाला भाड्याच्या खोलीत गेली. घरात दोन माग होते, ते भंगारच्या भावानं गेले, कारण भाड्याच्या खोलीत माग बसत नाही. योजना आजही कागदावर आहे. त्या जागेवर पत्र्याचं कुंपण आहे आणि आत बाभळी उगवल्यात.

दोनेक वर्षांनी मला शिष्यवृत्ती मिळाली आणि मी मँचेस्टरला शिकायला गेले. तिथल्या ग्रंथालयात एका अहवालात नेल्सन या गावाचं नाव वाचलं आणि एका शनिवारी आगगाडीनं तिथं गेले. पुढच्या वर्षभरात आणखी चार-पाच वेळा गेले. आज मला त्या गावाबद्दल सांगायचंय, कारण माझ्या फॉर्मचं काय चुकलं ते मला तिथं कळलं.

नेल्सन उत्तर इंग्लंडमध्ये, लँकेशायर परगण्यात आहे. गावाला नाव मिळालं ते तिथल्या एका खानावळीवरून, ‘लॉर्ड नेल्सन इन’. आधी फारसं काही नव्हतं. कालवा आला, रेल्वे आली, मग कापडाच्या गिरण्या आल्या, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अख्खं गाव उभं राहिलं. आपल्याकडे गिरणीचा भोंगा झाला की गाव उठायचं, तिथंही तसंच. क्रिकेटवेड्यांसाठी सांगते, वेस्ट इंडिजचे लिअरी कॉन्स्टंटाईन 1929 ते 1937 या गावाच्या क्लबकडून खेळत होते. त्यांच्या घरी 1932 मध्ये सी. एल. आर. जेम्स येऊन राहिले होते. विणकरांच्या त्या छोट्या गावात तेव्हा काळा माणूस दिसणं ही नवलाची गोष्ट होती, आणि त्याच गावानं कॉन्स्टंटाईनना डोक्यावर घेतलं.

लँकेशायरशी आपलं नातं तर फार जुनं आणि फार कडू आहे. तिथलं स्वस्त कापड आलं आणि आपल्या विणकरांचे माग बंद पडले. 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवी युद्धात तिकडचा कापूस थांबला तेव्हा लँकेशायरला आपल्या कापसाची आठवण झाली, आणि मुंबईत पैशाचा पाऊस पडला. मुंबईच्या गिरण्यांत बसवलेली कितीतरी यंत्रं लँकेशायरच्या ओल्डहॅमची होती. डिसेंबर 1930 मध्ये परदेशी कापडाच्या ट्रकखाली बाबू गेनू गेले. पुढच्याच महिन्यात, 12 जानेवारी 1931 ला, आमच्या सोलापूरचे चौघे येरवड्यात फासावर गेले. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन. त्याच वर्षी सप्टेंबरात गांधीजी लँकेशायरला गेले, डार्वेन गावात गिरणी कामगार बायकांच्या घोळक्यात हसत उभे असलेला त्यांचा फोटो तुम्ही पाहिला असेल. आपल्या बहिष्कारामुळे त्या बायकांची कामं गेली होती. तरी त्यांनी त्यांचं हसतमुखानं स्वागत केलं.

आणि मग इतिहासानं गंमत केली. दुसऱ्या महायुद्धानंतर लँकेशायरच्या गिरण्यांना रात्रपाळीला माणसं मिळेनात. ती आली पाकिस्तानातून, भारतातून. नेल्सनला आलेले बहुतेक काश्मीरच्या मीरपूर भागातले आणि पंजाबातले. मीरपूरमध्ये मंगला धरण बांधलं गेलं, ते 1967 मध्ये पुरं झालं, त्यात सुमारे एक लाख माणसं विस्थापित झाली. त्यातले कितीतरी इंग्लंडच्या गिरण्यांत पोचले. आधी पुरुष आले, एका घरात दहा-दहा जण राहिले. एक पाळी अंथरुणातून उठली की दुसरी तिथंच झोपायची. आपल्या गिरणगावातल्या गाळ्यांची आणि खानावळींची आठवण येते ना? मग बायका-मुलं आली. मग गिरण्याच बंद पडल्या. माणसं राहिली.

त्यांनी घरं घेतली होती व्हाइटफील्ड नावाच्या वस्तीत. गिरणी कामगारांसाठी बांधलेली रांगांची घरं. खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या, मागं छोटं अंगण आणि मागची बोळ. भिंती तिथल्याच वाळूच्या दगडाच्या, वर पाटीच्या दगडाचं छप्पर. इंग्रजांना ती जुनाट वाटत होती, म्हणून स्वस्त मिळत होती. व्याजाचं कर्ज नको म्हणून कुणी बिरादरीत भिशी लावून घर घेतलं, कुणी भावाभावांनी मिळून. इथे जरा थांबा. ती माणसं त्या घरांची मालक होती. भाडेकरू नव्हती. कागदावर नाव होतं. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

2000 च्या आसपास तिथल्या स्थानिक कौन्सिलनं ठरवलं की व्हाइटफील्डमधली शेकडो घरं पाडायची. कारण तेच, जे मी फॉर्मवर लिहिलं होतं. सर्वेक्षणात घरं ‘राहण्यास अयोग्य’ ठरली होती. वस्ती गरीब, काही घरं रिकामी, बाजारात भाव नाही. पाडा, नवी बांधा, नवे लोक येतील. त्याच सुमारास, 2002 मध्ये, ब्रिटिश सरकारनं उत्तर इंग्लंडच्या अनेक जुन्या औद्योगिक गावांसाठी अशीच एक मोठी योजना काढली, तिला ‘पाथफाइंडर’ म्हणायचे. तिच्याखाली ठिकठिकाणी कामगारांच्या घरांच्या रांगाच्या रांगा भुईसपाट झाल्या. 2010 मध्ये सरकार बदललं आणि योजनेचा पैसा थांबला. पाडलेल्या कितीतरी जागा तशाच मोकळ्या राहिल्या. आमच्याकडे बाभळी आहेत, तिकडे गवत.

व्हाइटफील्डच्या लोकांनी हरकत घेतली. सगळ्यांनी नाही. काहींना नवं घर हवं होतं, आणि त्यात त्यांचं काही चूक नव्हतं. ओल असलेल्या घरात दमेकरी पोर वाढवणाऱ्या आईला ‘हा वारसा आहे’ म्हणून सांगायचा अधिकार मला तरी नाही. पण ज्यांना जायचं नव्हतं ते उभे राहिले, आणि त्यांच्या बाजूनं एक अनपेक्षित मंडळी आली, जुन्या वास्तू जपणाऱ्या इंग्रज संस्था. एरवी या संस्था चर्च आणि उमरावांचे वाडे वाचवतात. त्यांना मीरपुरी माणसांशी काही देणंघेणं होतं असं मी म्हणणार नाही. त्यांना दगड दिसला होता. विणकरांची एक अख्खी वस्ती, रस्त्यांच्या मूळ आखणीसह, कालवा आणि चर्चसकट टिकलेली, अशी जागा दुर्मिळ असते. माणसं घरासाठी आली, तज्ज्ञ दगडासाठी आले, आणि वाटेत दोघांची गाठ पडली. चळवळीत काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. सोबत येणारा प्रत्येक जण आपल्याच कारणासाठी यायला हवा, असा हट्ट धरू नका.

2002 आणि 2003 मध्ये दोन सार्वजनिक चौकश्या झाल्या. सक्तीनं घर संपादन करायचं तर तिथं वरून मंजुरी लागते, आणि घराचा मालक चौकशीत उभा राहून हरकत घेऊ शकतो. मघाशी म्हटलं ना, कागदावर नाव होतं. म्हणून त्यांना ऐकून घ्यावं लागलं.

तिथं निर्णायक ठरला तो दुसरा सर्व्हे. घरं पुन्हा तपासली गेली, या वेळी आत जाऊन, खोली न् खोली. ‘राहण्यास अयोग्य’ ठरलेली बरीच घरं साध्या दुरुस्तीनं नीट होण्यासारखी निघाली. गळकी पन्हळ, सुटलेली पाटी, बुजलेला वायुमार्ग. इंग्लिश हेरिटेज या सरकारी संस्थेच्या 2003 च्या अभ्यासात तर असं दिसलं, की असं जुनं रांगेतलं घर दुरुस्त करणं हे त्याच्या जागी नवं बांधण्यापेक्षा 40 ते 60 टक्क्यांनी स्वस्त पडतं. केंद्र सरकारनं सक्तीच्या संपादनाला मंजुरी दिली नाही.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. फुफीच्या घराच्या आत मी कामासाठी एकदाही गेले नव्हते. भाची म्हणून शेकडो वेळा गेले होते. फॉर्म घेऊन दारातच थांबले.

पाडणं थांबलं म्हणजे घर दुरुस्त झालं असं होत नाही. ते पुढचं काम खरं आमच्या विषयाचं. 2004 मध्ये व्हाइटफील्डमध्ये काही दिवसांची एक कार्यशाळा झाली. आयोजक होतं प्रिन्सेस फाउंडेशन, हो, आजच्या राजेसाहेबांचंच. त्यात रहिवासी, कौन्सिलचे अधिकारी, वास्तुविशारद एका टेबलाभोवती बसले आणि नकाशावर हातानं रेघा मारल्या. राजघराण्याच्या संस्थेबद्दल मला विशेष प्रेम नाही, पण पद्धत चांगली होती. आधी प्रश्न विचारायचे, मग पेन्सिल उचलायची. आपल्या कुटुंबांची अडचण काय होती? घरं लहान, माणसं जास्त. आजी-आजोबा, मुलगा-सून, चार-पाच नातवंडं. कौन्सिलच्या दृष्टीनं हा घर पाडण्याचा पुरावा होता. कार्यशाळेनंतर तोच रचनेचा प्रश्न झाला. शेजारशेजारची दोन घरं आतून जोडून एक मोठं घर करता येतं. मधल्या भिंतीला दार पाडायचं, एक जिना काढायचा, त्या जागी न्हाणीघर. समोरची दगडी बाजू तशीच. पुढे अशी काही घरं खरोखर जोडली गेली. बाहेरून गल्ली 1880 ची दिसते, आत तीन पिढ्यांचं घर.

वास्तुविशारद म्हणून मला यातलं सगळ्यात जास्त हेच आवडतं, आणि ते कुठल्याही मासिकाच्या मुखपृष्ठावर येणार नाही, कारण फोटो काढण्यासारखं त्यात काही नाही. एक दार, एक न्हाणीघर.

‘शाश्वत’ हा शब्द आजकाल फार स्वस्त झालाय. नव्या काचेच्या इमारतीवर चार सोलर पॅनेल लावली की ती शाश्वत. हिशेब सोपा आहे. भिंत बांधताना जी ऊर्जा जायची ती 140 वर्षांपूर्वीच जाऊन झाली. ती भिंत पाडली की तो हिशेब शून्यावर येतो, आणि नवी वीट भाजायला, नवं सिमेंट बनवायला पुन्हा कोळसा जाळावा लागतो. उभं घर टिकवणं हाच मोठा बचतीचा भाग. छपराखाली जाड उबदार थर घालणं, खिडकीच्या फटी बंद करणं, ही त्यावरची भर.

पण टिकवायचं ते नीट टिकवा, आणि हे तर सोलापूरलाही शंभर टक्के लागू आहे. चुन्यात बांधलेल्या दगडी भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. चुना श्वास घेतो म्हणतात, म्हणजे काय? भिंतीत पावसाची, जमिनीची ओल शिरतेच. चुन्याचे सांधे ती ओल बाहेर जाऊ देतात. सिमेंट सांधे बंद करतं. मग ओल दगडातून वाट काढते, सोबत क्षार आणते आणि दगडाचा चेहराच पापुद्र्यांनी गळायला लागतो. दगड खराब म्हणून सिमेंट लावलं, असं लोक सांगतात. खूपदा सिमेंट लावलं म्हणून दगड खराब झालेला असतो. माळवदाचंही तसंच. लाकडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. सोलापूरच्या मे महिन्यात त्याखाली बसून बघा आणि मग शेजारच्या स्लॅबखाली बसून बघा. पण दर पावसाळ्याआधी माती चोपावी लागते, उतार बघावा लागतो. ते काम करणारे हात म्हातारे झाले, कुणी शिकून घेतलं नाही, मग माळवद गळायला लागलं. नंतर आमच्यासारखे फॉर्म घेऊन आले.

नेल्सनच्या शेजारी ब्रायरफील्ड नावाचं गाव आहे, तिथं कालव्याच्या काठावर एक अवाढव्य गिरणी रिकामी पडली होती. 2016 मध्ये अमेरिकन कलावंत सुझान लेसी यांनी तिथल्या लोकांसोबत एक प्रयोग केला. गोऱ्या आणि आशियाई अशा दोन्ही समाजांचे लोक, ज्यांच्यातले कित्येक याच गिरणीत शेजारी शेजारी राबले होते आणि गिरणी बंद पडल्यावर एकमेकांना दिसेनासे झाले होते, ते त्या रिकाम्या खात्यात जमले. एका बाजूला चर्चच्या परंपरेतलं समूहगान, दुसऱ्या बाजूला सूफींचा जिक्र. शेवटी शेकडो माणसांचं एकत्र जेवण. मी तेव्हा तिथं नव्हते, फिल्म पाहिली. जिक्राचा आवाज त्या लोखंडी खांबांतून घुमतो तेव्हा अंगावर काटा येतो. त्या गिरणीचं नाव बदलून नॉर्थलाइट झालं आणि त्यात फ्लॅट आले. गिरणी वाचली याचा मला आनंद आहे. फ्लॅटची किंमत ऐकून जेवायला बसलेल्यांपैकी किती जण तिथं राहू शकतील, हा प्रश्न मात्र मनातून जात नाही. मुंबईत चिमणी शाबूत ठेवून भोवती मॉल उभा केलेला आपण पाहिलाय. चिमणी हा वारसा, मग तिच्याखाली राबलेला माणूस कोण?

या बाबतीत मला जवळचं उदाहरण वाटतं ते लिव्हरपूलच्या ग्रॅनबीचं. ते औद्योगिक गाव नाही, बंदराच्या शहरातली वस्ती आहे, पण रोग तोच. 1981 च्या दंगलीनंतर घरं ओस पडली, खिडक्यांवर फळ्या ठोकल्या गेल्या. उरलेल्या बायकांनी, त्यात काळ्या होत्या, सोमाली होत्या, गोऱ्या होत्या, एक दिवस झाडू घेतला आणि गल्ली झाडली. मग कुंड्या मांडल्या, फळ्या रंगवल्या, महिन्याचा बाजार भरवला. हे वर्षानुवर्षं. 2011 मध्ये त्यांनी वस्तीच्या सामूहिक मालकीचा ट्रस्ट केला, म्हणजे घरं सट्टेबाजाच्या हाती जाणार नाहीत. अ‍ॅसेम्बल नावाच्या तरुण वास्तुविशारदांच्या गटानं त्यांच्यासोबत दहा घरं दुरुस्त केली. पाडलेल्या बांधकामाचा राडारोडा वापरून चुलाणीच्या चौकटी घडवल्या. 2015 मध्ये या कामाला टर्नर पारितोषिक मिळालं, जे एरवी कलावंतांना मिळतं. वर्तमानपत्रांत नाव वास्तुविशारदांचं आलं. झाडू बायकांनी आधी घेतला होता.

आता परत घरी येते.

शिकून परतल्यावर मी पहिल्यांदा फुफीकडे गेले. तिला सगळं सांगितलं, म्हणजे यादीत तिचं घर मी कसं भरलं ते. मला वाटलं होतं ती रडेल किंवा बोलणार नाही. ती म्हणाली, ‘मला माहीत होतं. तू चहा उभ्यानं प्यायलीस तेव्हाच कळलं.’ आणि मग तिनं मला सांगितलं की ती भिंत का फुगली होती. शेजाऱ्यानं तीन वर्षांपूर्वी स्लॅब टाकला होता, त्याच्या पन्हळीचं पाणी थेट आमच्या भिंतीच्या पायात पडत होतं. तिनं शेजाऱ्याला सांगितलं होतं, भावांना सांगितलं होतं. दोन हजाराचा पाइप लावला असता तर भिंत फुगली नसती. ‘तू विचारलं असतंस तर तुलाही सांगितलं असतं,’ ती म्हणाली.

घर माझ्या एका फॉर्ममुळे पडलं असं म्हणणं म्हणजे स्वतःला फार महत्त्व देणं होईल. अब्बांची सही होती, कंपनीचं टार्गेट होतं, जागेचा भाव होता. पण रकान्यात माझं अक्षर होतं.

आता आम्ही सात-आठ जण मिळून एक काम करतो. आमच्या जुन्या वस्तीतल्या गल्ल्या घेतो आणि घराच्या आत जाऊन नोंदी करतो. फॉर्म आम्ही बदललाय. मालकाच्या नावाच्या शेजारी नवा रकाना आहे, ‘इथे कोण राहतं’. त्याखाली ‘हक्कसोडपत्र झालंय का, कुणाचं’. हा रकाना टाकला तेव्हा आमच्यातच वाद झाला. वास्तुविशारदाचं हे काम नाही, घराघरांत भांडणं लागतील, असं काहींचं म्हणणं होतं. लागतातही. एका घरात आम्हाला दारातूनच परत पाठवलं. पण दुरुस्तीसाठी कर्ज काढायचं तर बँक मालमत्ता पत्रक मागते, आणि ते तीन पिढ्यांपूर्वी वारलेल्या माणसाच्या नावावर असतं. वारस नोंद करायला गेलं की बहिणी आठवतात, सहीपुरत्या. म्हणून घराचा कागद हा घराच्या पायाइतकाच आमच्या कामाचा भाग आहे. नेल्सनच्या लोकांचं घर वाचलं यात दगडाच्या जाडीइतकाच त्यांच्या नावाचा वाटा होता.

मुलींना एक सांगते. या कामात तुमचा फायदा आहे. आमच्या टीममधल्या मुलांना बैठकीच्या पुढे जाता येत नाही. तुम्ही थेट स्वयंपाकघरात, माळवदावर, न्हाणीघरात जाऊ शकता, आणि ओल तिथंच असते. कोणत्या भिंतीला कपाट लावत नाहीत, कोणत्या कोपऱ्यात धान्याचा डबा ठेवत नाहीत, हे त्या घरच्या बाईला विचारा. तिला अख्खं घर पाठ असतं. आणि मुलांनो, तुम्ही हात काळे करायला शिका. चुना मळणारे दोन म्हातारे गवंडी अजून आमच्याकडे आहेत. एक मोमीन, एक पद्मशाली. दोघंही शिकवायला तयार आहेत, शिकणारे मिळत नाहीत. डिप्लोमा-इंजिनिअरिंगवाल्यांना त्यात कमीपणा वाटतो. आठ दिवस मळून बघा, मग बोलू.

हे सगळं फार छोटं आहे, याची मला कल्पना आहे. आमच्या नोंदींना अजून तरी कुठलं कार्यालय विचारत नाही. गेल्या वर्षी एका घराच्या सी-वन नोटिशीवर आम्ही हरकत दिली, स्वतंत्र स्ट्रक्चरल ऑडिटची मागणी केली. ऑडिट झालं, सी-टू-बी निघालं. त्या घराची दुरुस्ती अर्धी झालीय, पैसे संपलेत. त्याच गल्लीतली आणखी दोन घरं त्याच वर्षी पडली, कारण राहणाऱ्यांनाच ती नको होती. फ्लॅट हवा होता, लिफ्ट हवी होती. मी त्यांना अडवलं नाही.

फुफी आता आमच्यासोबत येते. ऑटोत बसून येते, गुडघे दुखतात तिचे. घरात शिरल्यावर आम्ही मोजपट्टी काढतो, ती खाली बसते आणि घरच्या बाईला विचारते, ‘रात को पाणी कहाँ टपकता?’ त्या प्रश्नाला जे उत्तर मिळतं, तिथून आमची नोंद सुरू होते.

पुढच्या रविवारी आम्ही दोन गल्ल्या घेतोय. सोलापूरला येऊ शकणाऱ्यांनी जेवणानंतर मला भेटा, नावं लिहून घेते. जुने कपडे घाला, मोजपट्टी आमच्याकडे आहे, टॉर्च मात्र घरून आणा. मोबाइलच्या उजेडात भिंतीची ओल दिसत नाही.